नंतरचं घर

मिसेस क्रम्पना नव्या चष्म्यातून जी पहिली गोष्ट स्वच्छ दिसली, ती म्हणजे लिअँडर बॅनिस्टरच्या आईचं घर तिथं नसणं. अर्थात आपल्याला हे दिसतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. रिचमंडच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या आपल्या चष्म्याच्या दुकानात लिअँडरची एक पद्धत होती. चष्मा नाकावर नीट बसला की गिऱ्हाइकाला दाराशी उभं करायचं आणि रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावरची जाहिरात वाचायला लावायची. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता लोक पाठ करून येतात. म्हातारी माणसं तर हमखास, कारण त्यांना चष्मा हवा असतो पण डोळे बिघडलेत हे कबूल करायचं नसतं. जाहिरात मात्र अधूनमधून बदलते, तिथं लबाडी चालत नाही. आज सकाळीच नवी लागली होती. काचा पुसण्याच्या नादात लिअँडरनं तिच्याकडं अजून पाहिलं नव्हतं.

"वाचा," तो म्हणाला.

"मॅसीज रनचं रणांगण," मिसेस क्रम्पनी चर्चमध्ये वाचतात त्या आवाजात सुरुवात केली. "सैनिकांनी पाहिलं तसं पाहा. शनिवार-रविवार प्रवेश फुकट. फुकट फार मोठं लिहिलंय, लिअँडर, ते मला जुन्या चष्म्यातूनही दिसलं असतं."

"आणि चित्रात काय आहे?"

"गवत."

"आणखी?"

"लाकडाचं वाकडंतिकडं कुंपण. मागं ओढा असावा. बाकी सगळं आभाळ."

"उजवीकडं टेकाड आहे ना? टेकाडावर काय आहे?"

"काही नाही. का? काय असायला हवं?" मिसेस क्रम्पनी चष्मा काढून त्याच्याकडं संशयानं पाहिलं. "नंबर चुकवलास का?"

"नाही, नंबर बरोबर आहे," लिअँडर म्हणाला, आणि चष्मा त्यांच्या हातातून घेऊन उगाचच पुन्हा एकदा पुसला.

मिसेस क्रम्प गेल्यावर तो दाराशी उभा राहिला. त्याचे स्वतःचे डोळे साठीला टेकलेल्या माणसाच्या मानानं चांगले होते. लांबचं त्याला कुणाच्याही मदतीशिवाय दिसायचं, आणि हा आपला एक छोटासा अपराध आहे असं त्याला धंद्याच्या दृष्टीनं नेहमी वाटत आलं होतं. टेकाड ओळखीचं होतं. ओढ्याकडं उतरताना त्याला एक खांदा येतो. लहानपणी तिथून पोत्यावर बसून घसरत जायचं आणि खाली ओल्या मातीत जाऊन आपटायचं. खांदा तसाच होता. त्याच्या वर पत्र्याचं लाल छप्पर असायला हवं होतं, विटांचं धुराडं, मागं अक्रोडाचं झाड आणि झाडाखाली त्याच्या बहिणीची, व्हर्नेलची हिरवी ब्युइक गाडी. आईला जाऊन तीन महिने झाले होते. घर पानगळीत काढू, असं जमीन घेतलेल्या संस्थेच्या लोकांनी सांगितलं होतं. हा मे महिना होता. कदाचित त्यांनी कळवलंही असेल. कळवलं असेल तर व्हर्नेलला, कारण कागदांवर पत्ता तिचा होता. आणि व्हर्नेल त्याच्याशी बोलत नव्हती. एक बस आली, थांब्यावर उभी राहिली, जाहिरात तिच्यामागं गेली. बस निघून गेल्यावर घर परत दिसेल असं लिअँडरला क्षणभर वाटलं. इतकं खरोखर वाटलं, की बस हलल्यावर तो एक पाऊल पुढं झाला आणि दाराच्या काचेवर त्याचं कपाळ आपटलं.

रिचमंडला वस्तू काढून टाकण्याची सवय अलीकडंच लागली होती. मोठ्या रस्त्यावरचे, गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सेनापतींचे घोड्यांवरचे पुतळे काढले, तेव्हा लिअँडरही इतर लोकांबरोबर फुटपाथवर उभं राहून बघत होता. क्रेननं एकेक घोडा उचलला तेव्हा बाजूच्या बाईनं त्याला मिठी मारली होती, आणि तीही अनोळखी बाई. त्याला बरं वाटलं होतं. नंतर कितीतरी दिवस त्या रस्त्यानं जाताना त्याची नजर मात्र सवयीनं वर जायची आणि रिकाम्या हवेला अडखळायची. नको असलेली गोष्ट गेली तरी तिच्या जागेला काही दिवस तिचा आकार राहतो, हे त्याला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. हव्या असलेल्या गोष्टीचं काय होतं, याचा विचार करायची तेव्हा गरज पडली नव्हती.

मॅसीज रन नावाच्या या ओढ्याकाठी यादवी युद्धात, १८६४ सालच्या जूनमध्ये एके दुपारी लढाई झाली. जेवणवेळेनंतर सुरू झाली आणि अंधार पडायच्या आत आटोपली. कोण जिंकलं यावर अजून दोन मतं आहेत. त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं तिथं लोक नुसते जगले. मका पेरला, कोंबड्या पाळल्या, बाळंतपणं केली, छप्पर गळतं म्हणून एकमेकांना बोल लावले. जगण्याला कुणी अनुदान देत नाही. त्या एका दुपारला मात्र मिळतं. वॉशिंग्टनचं सरकार निम्मे पैसे देतं, उरलेले राज्य आणि देणगीदार घालतात, त्यातून एखादी संस्था रणांगणाची जमीन मालकाकडून विकत घेते आणि कायमची राखते. अट साधी आहे. जमिनीवर पुन्हा काही उभं राहू नये, आणि होता होईल तो ती त्या दिवशी दिसली तशी दिसावी. यात कुणाचंच काही चुकत नाही. लिअँडरनं हे स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं होतं आणि दर वेळी ते त्याला पटलंही होतं. पटल्यानं काही फरक मात्र पडला नव्हता.

पैसे त्याहून जास्त देणारे दुसरे लोक होते. ते इंटरनेटची गोदामं बांधत होते. ओढ्यापलीकडं त्यांची दोन उभी राहिलीही होती, बिनखिडक्यांची, राखाडी, रात्रंदिवस घुमणारी. आई म्हणायची, पोटात काहीतरी बिघडलेली गाय निजल्यासारखी वाटते. त्यांचा माणूस तळलेल्या मासळीची टोपली घेऊन यायचा आणि आईला 'यंग लेडी' म्हणायचा. आई तेव्हा नव्वदीत होती. ती मासळी ठेवून घ्यायची आणि त्याला वाटेला लावायची. पण आजूबाजूचे सगळे विकत होते. कर वाढत होता. आईच्या मागं हे कोण बघणार, असा प्रश्न होता. मग लिअँडरनं ही संस्था शोधून काढली. त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे आता आठवलं की तो दुकानात एकटाच असला तरी खाली मान घालायचा. रविवारच्या जेवणानंतर त्यानं आईला समजावलं: माती तरी राहील, आई. त्या गोदामवाल्यांनी टेकाडच खणून काढलं असतं. आणि तू जिवंत आहेस तोवर घर तुझंच. कुणी खिळाही हलवणार नाही. "आणि नंतर?" व्हर्नेलनं विचारलं होतं. ती आईजवळ राहायची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यात अडचणीचा प्रश्न नेहमी तीच विचारायची. "नंतर बघू," लिअँडर म्हणाला होता. नंतर काय ते कागदात स्वच्छ होतं. त्यानं ते वाचलंही होतं.

संस्थेकडून पाहणीला मिस यूबँक आल्या. त्यांना वाईट ठरवायची लिअँडरनं पुष्कळ खटपट केली होती, पण जमलं नाही. कोवळी मुलगी होती, बूट चिखलानं भरलेले, दारात ते काढून मोज्यांवर आत आली. आईनं तिला रताळ्याच्या गोड पेस्ट्रीचा तुकडा वाढला आणि तिनं बशी चाटूनपुसून खाल्ली. खिडकीच्या पडद्यांना हात लावून पाहिला तेव्हा तिचे डोळे विस्फारले. पडदे जड लागत होते. बागेत खुरपताना सापडणाऱ्या, लढाईतल्या शिशाच्या गोळ्या आईनं पडद्यांच्या काठात शिवल्या होत्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. "हे तर संग्रहालयात असायला हवं," मिस यूबँक म्हणाल्या. "मग माझे पडदे उडतील," आई म्हणाली. लहानपणी वादळी हवेत ते काठ भिंतीवर टकटक करायचे, आणि लिअँडरला अंथरुणात वाटायचं की कुणीतरी फार सभ्य माणूस कधीचा दार वाजवतोय आणि आपण उघडत नाही. शहरातल्या त्याच्या घरात जाड काचा होत्या. तिथं वाराच नव्हता.

मग घराचा विषय निघाला. घर कधीचं, असं मिस यूबँकनी विचारलं; लढाईच्या दिवशी जे उभं होतं ते काढायचं नसतं. त्यांच्याजवळ लढाईच्या वेळचा, लष्करातल्या एका इंजिनियरनं काढलेला नकाशा होता.

"पुढच्या दोन खोल्या माझ्या आजोबांच्या," आई म्हणाली. "स्वयंपाकघर त्यांच्या बापाचं, एनॉकचं. आणि धुराडं एनॉकच्याही आधीचं. तिथं झोपडी होती, मॅसी लोकांच्या गुलामांची. एनॉक त्या चुलीपाशीच जन्मला. लढाई झाली त्या दुपारी तो आईला आणि बहिणींना घेऊन धुराड्याखालच्या त्या मोठ्या चुलीच्या आत बसला होता. विटांतून गोळी येत नाही ना."

"आत बसला होता," मिस यूबँक हळूच म्हणाल्या.

"काजळी खात. पुढं आठवडाभर काळं थुंकत होते म्हणे, आजोबा सांगायचे." आई हसली. "लढाईनंतर मेलेली माणसं पुरायचं काम एनॉकनं मजुरीनं केलं. त्याच पैशानं हे टेकाड घेतलं. हाडं वर येतात म्हणून गोरे लोक इथं नांगर धरायला तयार नव्हते, तेव्हा स्वस्तात मिळालं."

मिस यूबँकनी नकाशावर बोट फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. "नकाशात टेकडीवर काहीच दाखवलेलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "गिरणी आहे. मॅसींचं घर आहे. मांस धुरवायची खोली आहे. डुकरं कोंडायची जागासुद्धा आहे."

"डुकरांची दाखवली?" व्हर्नेल मोरीपाशी भांडी घासत होती. तिनं मान वळवली नाही.

"हो. ते लोक फार बारकाईनं काम करायचे."

"दिसतंय," व्हर्नेल म्हणाली.

आणि मग तो क्षण आला. लिअँडरच्या आयुष्यात बाकी इतकं काही घडलेलं नव्हतं, की तो क्षण एखाद्या मोठ्या क्षणामागं लपून राहील. मिस यूबँकनी आईकडून नजर काढली आणि त्याच्याकडं पाहिलं. शहरातला माणूस, गळ्याला टाय, धंदा डोळ्यांचा. "तुम्हाला काय वाटतं, मिस्टर बॅनिस्टर? तुम्ही म्हणत असाल तर मी विटा तपासायला माणूस बोलावू शकते. सगळं थोडं लांबेल, पण मी तसं लिहीन." लांबेल, हा शब्द त्याला ऐकू आला. गोदामवाल्यांची मासळीची टोपली डोळ्यांसमोर आली. पण ते नंतर जोडलेलं कारण होतं. खरं असं, की एक सुशिक्षित गोरी मुलगी आपल्याला समजूतदार माणूस समजून विचारतेय, आणि चुलीत बसलेल्या माणसांची गोष्ट त्या स्वच्छ नकाशापुढं फार काजळलेली दिसतेय, असं त्याला वाटलं होतं. गिऱ्हाइकाला महागडी फ्रेम शोभत नसली तर तो जसा हसायचा, तसा तो हसला. "घरोघरी अशा गोष्टी सांगतात," तो म्हणाला. बस, तेवढंच. मिस यूबँकनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. घराच्या नावापुढं त्यांनी 'नंतरचं', म्हणजे लढाईनंतर बांधलेलं, असं स्वतःशी पुटपुटत लिहिलं. आई टेबलक्लॉथवरची एक सुरकुती अंगठ्यानं सपाट करत होती. ती सपाट झाल्यावर तिनं विचारलं, "आणखी एक तुकडा घेतेस का, पोरी? माझी पण नोंद कर. मीसुद्धा नंतरचीच."

सगळे हसले. लिअँडरही. मोरीतलं पाणी तेवढं वाहत राहिलं.

संध्याकाळी तो गाडीकडं निघाला तेव्हा व्हर्नेल ओट्यावर आली. "तिनं तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "हो म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं तुला."

"पुरावा कुठं होता, व्हर्नेल?"

"आई बसली होती की समोर."

तो गाडीत बसला आणि शहराकडं निघाला. आईनं सही केली. घरात ती आणखी तीन वर्षं राहिली, शेवटपर्यंत ठणठणीत, आणि लिअँडर रविवारी यायचा तेव्हा त्याच्याशी इतकी गोड वागायची की त्याला जेवण जायचं नाही. एकदा तिनं जरी बोलून दाखवलं असतं तर तो रडला असता, माफी मागितली असती, मोकळा झाला असता. आईनं त्याला मोकळं केलं नाही. कदाचित तिला रागच नसेल. पण ती फार दूरवरून हसल्यासारखी हसायची, जसं नदीच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाकडं बघून हात हलवावा. फेब्रुवारीत ती गेली. चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरचं जेवण होतं. व्हर्नेलनं त्याच्यापुढं ताट आणून ठेवलं, कोलार्डची पालेभाजी, टर्कीची मान घातलेली, त्याला आवडते तशी. ताट ठेवलं आणि गेली. त्याच्याशी ती त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. तो फोन करायचा. फोन वाजत राहायचा. पूर्वी व्हर्नेल सारखी त्याला टोचून बोलायची, त्याच्या टायवरून, त्याच्या केसांना लावायच्या रंगावरून, आणि त्याला त्याचा वैताग यायचा. आता दुकानात एकटा असताना तो कधीकधी तिच्या आवाजात स्वतःलाच टोचून घ्यायचा. पण ते लागायचं नाही. तिची धार त्याला जमत नव्हती.

शनिवारी त्यानं दुकान बंद ठेवलं. उत्तरेकडच्या मोठ्या रस्त्यावर गाडी घातली आणि वाटेत स्वतःशी भाषणं केली. व्हर्नेलला सांगायचं होतं की अजून वेळ गेलेली नाही, विटा कुठंतरी असतील, मी अर्ज करीन. हे भाषण त्याला बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की तो मनातल्या मनात तेच हसू हसतोय. त्यानं रेडिओ लावला, बंद केला. गोदामांची राखाडी पाठ दिसायला लागली तेव्हा त्यानं गाडीचा वेग कमी केला, कारण नेहमी त्यांच्या आधी पत्र्याचं छप्पर दिसायचं.

गाड्या लावायला आता खडीचं पटांगण होतं. कडेला एक हिरवी ब्युइक उभी होती. लिअँडरनं इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ हात स्टिअरिंगवरच ठेवून बसला.

पटांगणाच्या तोंडाशी एक म्हातारे गोरे गृहस्थ गवताची टोपी घालून उभे होते. छातीवर बिल्ला, त्यावर नाव: ट्रॉटर. निवृत्त दंतवैद्य, त्यांनी आपणहून सांगितलं. शनिवारी इथं लोकांना लढाई दाखवायला येतो, पगार नाही, पण दात दाखवणाऱ्यांपेक्षा हे लोक जास्त आनंदी असतात. "पहिल्यांदाच का?" त्यांनी विचारलं.

"बऱ्याच दिवसांनी आलो," लिअँडर म्हणाला.

"मग तुम्हाला ओळखूच यायचं नाही. पूर्वी त्या टेकडीवर एक घर होतं. सगळं झाकलं जायचं."

"झाकलं जायचं."

"सगळं. तोफा कुठं होत्या ते नुसतं बोटानं दाखवावं लागायचं, लोक माना डोलवायचे, दिसायचं कुणालाच नाही. वसंताच्या सुरुवातीलाच काढलं, बरं झालं. आता इथं या, या दगडापाशी उभे राहा. बघा. सरळ ओढ्यापर्यंत. त्या दिवशी तोफखान्यावरच्या माणसाला अगदी हेच दिसत होतं."

लिअँडर दगडापाशी उभा राहिला. सात-आठ माणसांचा घोळका होता, त्यांनी त्याला जागा करून दिली. त्यानं पाहिलं. गवत वाऱ्यानं एका अंगाला निजत होतं आणि पुन्हा उठत होतं. अक्रोडाचं झाडही गेलं होतं. ऊन इतकं मोकळं पडलं होतं की डोळ्यांना ते जास्त झालं. अधू नजरेच्या माणसाला पहिल्यांदाच पुरता नंबर दिला की तो असाच गांगरतो आणि म्हणतो, हे फार आहे, थोडं कमी करा. ट्रॉटर खोटं बोलत नव्हते. दृश्य सुंदर होतं. ते सुंदर आहे हेच लिअँडरला सहन होईना. एनॉकनं ज्या चुलीत बसून ती दुपार काढली ती त्या तोफवाल्याला दिसलीच असणार, बरोबर मधोमध, धुरात. त्यानं ती पाहिली असेल आणि नकाशावाल्यासारखीच सोडून दिली असेल.

टेकाडावर व्हर्नेल उभी होती. शाळेतल्या स्वयंपाकघराचा पांढरा अंगरखा, त्यावर आईचा तपकिरी स्वेटर, मेमध्ये. ती ओढ्याकडं पाठ करून उभी होती आणि कुठंच बघत नव्हती.

"त्या बाई दर शनिवारी येतात," ट्रॉटर आवाज उतरवून म्हणाले. "कुणाला त्रास नाही. फक्त नेमक्या मध्ये उभ्या राहतात." मग त्यांनी हात तोंडाशी धरले आणि फार मायेनं हाक दिली. "मॅडम, जरासं बाजूला व्हाल का? या लोकांना ओढा बघायचाय."

व्हर्नेल हलली नाही. घोळक्यातले लोक पायांवर भार बदलत उभे राहिले. एका बाईनं मोबाइल वर धरला आणि पुन्हा खाली घेतला.

लिअँडर निघाला. सगळे त्याच्याकडं बघताहेत याचा त्याला पाठीवर भार जाणवत होता. आयुष्यभर हा भार त्यानं हसून सांभाळला होता. आत्ता हसू येईना. टेकाड चढताना धाप लागली. वर सगळीकडं सारखंच गवत होतं, नवं पेरलेलं, आणि सरळ गेला असता तर तो व्हर्नेलपर्यंत आणखी थोड्या पावलांत पोचला असता. पण मध्ये बैठकीची भिंत होती. त्याचे पाय डावीकडं वळले, पाण्याची टाकी असायची तिला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, तिथं पायरी होती म्हणून उंच उचलले गेले आणि रिकामेच खाली पडले. तो मोरीजवळून आत आला. व्हर्नेल टेबलाच्या पलीकडं होती. तो अलीकडं थांबला. दोघांच्या मध्ये टेबलाएवढी जागा होती आणि तिच्यात कुणीच पाय ठेवला नाही.

भाषण तो विसरला होता.

"सर," खालून ट्रॉटरचा आवाज आला, अजूनही तितकाच सभ्य. "आता तुम्हीही मध्ये येताय."

लिअँडर वळला. त्याला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. दुकानात माणसं हातभरावर असतात. "इथं घर होतं," तो म्हणाला. ते खालपर्यंत पोचलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. "लढाईच्या दिवशी इथं घर होतं. आतमध्ये माणसं होती. चार माणसं, चुलीत."

वाऱ्यानं काही शब्द नेले असावेत. ट्रॉटरनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "नकाशात तर तसं काही नाही," ते म्हणाले, वाद घालण्यासाठी नव्हे. त्यांना खरंच मदत करायची होती.

"नाही," लिअँडर म्हणाला. "पण आमच्या आईनं सांगितलंय."

एवढ्या वाक्याला त्याला इतकी वर्षं लागली होती, आणि म्हटल्यावर काहीच झालं नाही. विटा परत आल्या नाहीत. एक माणूस घड्याळाकडं बघत होता. ओढ्यापलीकडं गोदामं घुमत होती. खाली ट्रॉटरनी लोकांना दगडापासून थोडं डावीकडं सरकवलं आणि पुढचं सांगायला लागले, तोफा कुठं होत्या ते. लिअँडर परत वळला. व्हर्नेल त्याच्याकडं बघत होती. तिचे डोळे आईसारखे झाले होते, बुबुळांभोवती फिकट निळं कडं. वय डोळ्यांत उतरायला लागलं होतं, हे धंद्यातल्या माणसाला दिसलं आणि भावाला रडू आलं. ती काय बोलेल ते ऐकायला तो उभा राहिला. तिनं त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. तिथं नजर थांबली. बुटांना वाटेवरची ओली लाल माती होती.

"आत आलास तेव्हा पाय पुसलेस का?" ती म्हणाली.

त्यानं पुसले नव्हते. तो मोरीजवळून परत बाहेर गेला, गवतावर बूट घासले, आधी एक, मग दुसरा, टाचांसकट. मग वळला. ते मागचं दार दमट उन्हाळ्यात फुगायचं, खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. त्यानं सवयीनं खांदा लावला, आणि अडवायला काहीच नसल्यामुळं तो धडपडत आत आला.